संगणक-सफाई आज्ञावली

वैयक्तिक संगणकाच्या साठवण-माध्यमात कालांतराने साचलेल्या व आता निरुपयोगी ठरल्या आहेत असे गृहीत धरलेल्या फाइली, नोंदी आणि जुन्या आज्ञावलींचे अवशेष शोधून काढून टाकणारी आज्ञावली. या व्याख्येतील ‘असे गृहीत धरलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एखादी फाइल निरुपयोगी आहे किंवा नाही हे आज्ञावलीस कळत नाही. फाइलीचे नाव, ती ठेवलेली जागा, तिचा प्रकार आणि ती शेवटी केव्हा उघडली गेली एवढ्यावरून ती अंदाज करते. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. पण तो चुकला, तर त्याची किंमत संगणकाच्या मालकाला मोजावी लागते. विषाणू-प्रतिबंधक आज्ञावलीहून ही आज्ञावली वेगळी आहे. पहिलीचा संबंध परक्या व घातक आज्ञावलींशी, तर दुसरीचा संगणकाच्या स्वतःच्याच कामातून निर्माण होणाऱ्या केरकचऱ्याशी असतो. बाजारात मात्र दोन्ही कामे करणारे संयुक्त संच विकले जात असल्यामुळे सर्वसामान्य ग्राहकाच्या मनात त्यांची गल्लत झालेली आढळते [→ संगणक; संगणक विषाणू].

कचरा कसा साचतो : परिचालन प्रणाली व तिच्यावर चालणाऱ्या आज्ञावली काम करीत असताना मधल्या टप्प्यावरची माहिती तात्पुरत्या फाइलींत लिहून ठेवतात. काम रीतसर संपले, तर या फाइली बहुधा आपोआप पुसल्या जातात. मध्येच वीज गेली किंवा आज्ञावली अडकून पडली, तर त्या तशाच राहतात. महाजालावरील पाने दाखविणारा न्याहाळक एकदा पाहिलेल्या पानांतील चित्रे पुन्हा उतरवून घ्यावी लागू नयेत म्हणून स्वतःजवळ साठवून ठेवतो. हा साठा काही गीगाबाइटांपर्यंत वाढू शकतो. छायाचित्रांच्या लघुप्रतिमा, आज्ञावली बंद पडल्याच्या वेळी घेतलेल्या स्मृतीच्या नोंदी, अद्ययावतीकरणासाठी उतरविलेल्या व एकदा वापरून झालेल्या फाइली यांचीही यात भर पडते. विंडोज प्रणालीची मोठी नवी आवृत्ती बसविली असता जुनी आवृत्ती एका स्वतंत्र फोल्डरमध्ये मागे ठेवली जाते. नवी आवृत्ती पसंत न पडल्यास परत फिरता यावे हा त्यामागील हेतू असून विंडोज १० च्या २०१६ मधील आवृत्तीपासून साधारणपणे १० दिवसांनी हा फोल्डर आपोआप काढला जातो. तोपर्यंत तो २० गीगाबाइट किंवा त्याहूनही अधिक जागा अडवू शकतो.

वापरणाऱ्याने स्वतः पुसलेल्या फाइलीही लगेच नाहीशा होत नाहीत. त्या प्रथम कचरापेटीत जातात आणि तेथून काढल्यावरही तबकडीवरील मूळ मजकूर खोडला जात नाही. केवळ त्याची अनुक्रमणिकेतील नोंद काढून ती जागा ‘मोकळी’ म्हणून दर्शविली जाते. नवी माहिती त्या जागेवर लिहिली जाईपर्यंत जुनी माहिती पुन्हा मिळविणे अनेकदा शक्य असते. पुसलेले परत मिळविण्याच्या आणि पुसलेले कायमचे नष्ट करण्याच्या दोन्ही विद्या या एकाच वस्तुस्थितीवर उभ्या आहेत.

विंडोजमध्ये आणखी एक साठा असतो. त्याला रजिस्ट्री म्हणतात. आज्ञावली कोठे बसविल्या आहेत, कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या आज्ञावलीने उघडावयाची, वापरणाऱ्याने कोणते पर्याय निवडले आहेत इ. बाबींची ही मध्यवर्ती नोंदवही होय. विंडोज ९५ पासून (१९९५) तिचा सर्रास वापर होऊ लागला. एखादी आज्ञावली काढून टाकली, तरी तिच्या काही नोंदी या वहीत राहून जातात. सफाई आज्ञावली ‘शेकडो दोष आढळले’ असे जे जाहीर करतात, ते दोष बहुतांशी अशा मृत नोंदी असतात.

इतिहास : आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक १९८१ मध्ये बाजारात आला आणि १९८३ मधील त्याच्या सुधारित आवृत्तीत १० मेगाबाइट क्षमतेची तबकडी होती. आज एका मोबाइल फोनवर काढलेली दोन-तीन छायाचित्रे तीत मावली असती. अशा काळात जागेची काटकसर ही गरज होती. पीटर नॉर्टन यांचा उपयुक्त आज्ञावलींचा संच १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सर्वांत गाजलेली आज्ञावली सफाई करणारी नव्हती, तर चुकून पुसलेली फाइल परत आणणारी होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ पासून ‘डिस्क क्लीनअप’ ही आज्ञावली प्रणालीबरोबरच देण्यास सुरुवात केली. २००४ च्या सुमारास पिरिफॉर्म या ब्रिटिश कंपनीची ‘सीक्लीनर’ ही आज्ञावली विनामूल्य उपलब्ध होऊन जगभर पसरली. २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये ‘स्टोरेज सेन्स’ ही सोय आली. तीमुळे ठराविक काळाने सफाई आपोआप करवून घेता येते. या सोयीनंतर बाहेरून आणावयाच्या सफाई आज्ञावलीची गरज बरीच कमी झाली आहे.

महाराष्ट्रात हा व्यवसाय पुण्यातही वाढला. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर हे पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करीत. नंतर ते संगणकदुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा उपद्रव वारंवार आढळू लागल्यावर त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी संगणकशास्त्र शिकत असताना त्यावर आज्ञावली लिहिली. १९९० नंतरच्या दशकात ती ‘क्विक हील’ या नावाने विकली जाऊ लागली. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने चालणाऱ्या या कंपनीचे २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज असे नामांतर झाले आणि २०१६ मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. तिच्या विषाणू-प्रतिबंधक संचाबरोबर ‘पीसी ट्यूनर’ ही सफाई आज्ञावलीही मिळत असे. तात्पुरत्या फाइली व रजिस्ट्रीतील नोंदी काढणे, एकसारख्या फाइली शोधणे आणि फाइल कायमची पुसणे ही कामे तीत एकत्र केलेली होती. दुरुस्तीच्या टेबलावरून विक्रीच्या फळीवर आलेली ही आज्ञावली असल्यामुळे पुणे जिल्ह्यातील लहानमोठ्या दुकानदारांना तिचा परिचय लवकर झाला.

वेग वाढतो काय : सफाई आज्ञावली घेण्यामागे बहुतेकांचा हेतू जागा मिळविण्याचा नसून संगणक जलद करण्याचा असतो. या दोन गोष्टींचा संबंध वाटतो तेवढा निकटचा नाही. घरातील अडगळीची खोली रिकामी केल्याने स्वयंपाक लवकर होत नाही, तसाच हा प्रकार आहे. साठवण-माध्यम जवळजवळ पूर्ण भरलेले असेल, तर मात्र फरक निश्चितच पडतो. कारण रॅम कमी पडली की परिचालन प्रणाली साठवण-माध्यमाचाच काही भाग पूरक स्मृती म्हणून वापरते व त्यासाठी मोकळी जागा लागते. सु. १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. निम्मी तबकडी रिकामी असताना आणखी पाच गीगाबाइट मोकळे करून वेगात काहीही भर पडत नाही.

रजिस्ट्रीची सफाई तर वेगाच्या दृष्टीने जवळपास निरर्थक आहे. ही नोंदवही झाडाच्या फांद्यांप्रमाणे रचलेली असून प्रणाली तीत हवी ती नोंद थेट शोधते. पहिल्या पानापासून वाचत जात नाही. लाखो नोंदींत काही शे मृत नोंदी असल्या किंवा नसल्या, तरी शोधण्याच्या वेळेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. उलट चुकीची एखादी नोंद काढली गेली, तर छपाईयंत्र चालेनासे होणे किंवा प्रणालीच सुरू न होणे असे परिणाम संभवतात. रजिस्ट्री साफ करणाऱ्या आज्ञावलींना आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टनेही जाहीर केले आहे. ‘रॅम मोकळी करणाऱ्या’ आज्ञावलींचीही तीच गत आहे. रॅममध्ये राखून ठेवलेली माहिती बाहेर काढल्यास आकडा मोकळा दिसतो, पण तीच माहिती पुढच्या क्षणी पुन्हा आणावी लागते.

विखंडनाचा प्रश्न थोडा निराळा आहे. जुन्या चुंबकीय तबकडीत एका फाइलीचे तुकडे ठिकठिकाणी विखुरले जातात आणि ते वाचण्यासाठी वाचक-शीर्षास इकडून तिकडे फिरावे लागते. अशा प्रत्येक फेरीस सु. १० मिलिसेकंद लागतात. तुकडे एकत्र जुळविल्याने या प्रकारात खरोखरच वेग वाढतो. एसएसडी या अर्धसंवाहक साठवण-माध्यमात फिरणारा भागच नसल्यामुळे विखुरलेपणाचा त्रास फारसा होत नाही. तेथे तुकडे जुळविण्याचा खटाटोप केल्यास लेखनाच्या मर्यादित आवर्तनांचा अकारण व्यय होतो. नव्या विंडोज प्रणाली माध्यमाचा प्रकार ओळखून योग्य ती क्रिया स्वतःच वेळापत्रकाने करीत असल्याने वेगळ्या आज्ञावलीचे यात काम उरलेले नाही. मंद झालेल्या जुन्या संगणकास खरा उतारा हवा असेल, तर चुंबकीय तबकडीऐवजी एसएसडी बसविणे व शक्य असल्यास रॅम वाढविणे हाच होय. संगणक सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या अनावश्यक आज्ञावली बंद करणे हा त्याखालचा उपाय असून त्यास पैसेही पडत नाहीत.

अनवधानाने होणारे नुकसान : ‘तात्पुरता’ म्हणून ओळखला जाणारा फोल्डर काही वेळा अत्यंत मोलाच्या वस्तूंचे आश्रयस्थान असतो. ऑटोकॅड या आरेखन आज्ञावलीत काम चालू असताना आपोआप राखली जाणारी प्रत याच फोल्डरमध्ये जाते आणि आरेखनाची आधीची आवृत्ती ‘.बीएके’ या प्रकारची फाइल म्हणून मूळ फाइलीशेजारी ठेवली जाते. अनेक सफाई आज्ञावली या दोन्हींना कचरा समजतात. तळेगाव औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या लहान कारखान्यात वीज गेल्याने अर्धवट राहिलेले आरेखन परत मिळविण्याऐवजी संगणक ‘हळू चालतो’ म्हणून आधी सफाई केली, तर दिवसाचे काम पुसले जाते. विद्युत-पत्राला जोडून आलेला दस्तऐवज वेगळ्या जागी न ठेवता थेट उघडून त्यात दुरुस्त्या करण्याची सवयही अशीच घातक आहे. त्या दुरुस्त्या बहुधा तात्पुरत्या फोल्डरमध्येच राहतात. कचरापेटीचा कपाटासारखा उपयोग करणारेही कमी नाहीत. ‘नंतर पाहू’ म्हणून त्यांनी तेथे ठेवलेले कागद पहिल्याच सफाईत जातात. २०१८ मधील विंडोज १० च्या एका आवृत्तीत उतरवून घेतलेल्या फाइलींचा ‘डाउनलोड्स’ हा फोल्डरही डिस्क क्लीनअपच्या यादीत घालण्यात आला होता. यादी न वाचता सर्व चौकोनांत खुणा करणाऱ्यांच्या पावत्या, प्रमाणपत्रे व छायाचित्रे त्यात नाहीशी झाली.

मराठी वापरणाऱ्यांच्या दृष्टीने एक धोका विशेष नमूद करावयास हवा, कारण इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत त्याचा उल्लेख असण्याचे कारण नाही. युनिकोड ही सर्व लिप्यांना सामावून घेणारी संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वी संगणकावरील मराठी मजकूर विशिष्ट टंकांवर अवलंबून असे. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राचे (सी-डॅक) ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ सारखे टंक, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीच्या ‘श्री-लिपी’ संचातील ‘श्री-देव’ मालिकेचे टंक, तसेच ‘शिवाजी’, ‘किरण’ इ. टंक यांत इंग्रजी अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरी अक्षरांचे अवयव बसविलेले असत. अशा फाइलीत खरे पाहता मराठी अक्षर एकही नसते. इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची एक मालिका असते आणि तो विशिष्ट टंक उपस्थित असेल तरच ती मराठी म्हणून दिसते. विंडोज २००० पासून ‘मंगल’ हा युनिकोड टंक प्रणालीबरोबर मिळू लागला, तरी छपाईच्या व कार्यालयीन कामांत जुने टंक पुढे अनेक वर्षे चालू राहिले. आजही ते पूर्णपणे गेलेले नाहीत.

आता सफाई आज्ञावली ‘दीर्घकाळ न वापरलेल्या आज्ञावली’ अशी यादी पुढे करते, तेव्हा श्री-लिपी किंवा सी-डॅकचा जुना संच तीत हमखास वर असतो. तो काढल्यावर त्याबरोबर टंकही जाऊ शकतात आणि मग १९९० ते २०१० या काळातील दस्तऐवज उघडला असता पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. फाइल नष्ट झालेली नसते, पण पाहणाऱ्यास ती ‘खराब झाली’ असे वाटते. खरी हानी होते ती त्यानंतर, म्हणजे खराब समजून ती फाइलच पुसून टाकल्यावर. संच पुन्हा बसविणे नेहमी सोपे नसते. यांपैकी काही संचांना संगणकाच्या पाठीमागे जोडावयाची कुलूपवजा चावी लागत असे आणि जुन्या पद्धतीची चावी जोडण्याचे द्वार आजच्या संगणकांत उरलेले नाही. मावळ तालुक्यात या गोष्टीचे महत्त्व सहज ध्यानात येईल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या आगेमागे येथील जमिनींचे व्यवहार अतोनात वाढले. त्या काळातील करारनाम्यांचे मसुदे, वाटणीपत्रे, नोटिसांची उत्तरे, गृहनिर्माण संस्थांचे ठराव इ. कागद टंकलिखित करून देणाऱ्यांच्या व वकिलांच्या संगणकांवर याच टंकांत साठविलेले आहेत. नोंदणीकृत दस्त सरकारदप्तरी मिळतो. मसुदा, टिपणे व पत्रव्यवहार मात्र तेथे मिळत नाहीत आणि वाद उभा राहिला म्हणजे बहुधा त्यांचाच शोध घेतला जातो. म्हणून अशा संगणकावर सफाई करण्यापूर्वी टंकांच्या फाइली वेगळ्या जतन कराव्यात आणि जुना मजकूर रूपांतर आज्ञावलीच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून ठेवावा. रूपांतरात जोडाक्षरे व रफार यांच्या चुका राहतात. तेव्हा मूळ फाइलही टाकू नये.

एकसारख्या फाइली शोधून काढणाऱ्या सोयीबाबतही सावधगिरी हवी. मुद्दाम दुसऱ्या जागी ठेवलेली राखीव प्रत या सोयीच्या लेखी अनावश्यक पुनरुक्तीच असते.

फसवणूक व सुरक्षितता : सफाई आज्ञावलीस संगणकाच्या कानाकोपऱ्यात फिरण्याचे अधिकार द्यावे लागतात. ते भलत्या हाती पडल्यास काय होते याचे उदाहरण २०१७ मध्ये घडले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रसृत झालेल्या सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत कंपनीच्याच यंत्रणेत शिरून अज्ञात हल्लेखोरांनी घातक संकेत मिसळला होता. सप्टेंबरमध्ये सिस्को कंपनीच्या टॅलोस या संशोधन गटाने व इतरांनी तो उघडकीस आणला. सु. २२.७ लाख संगणकांवर ही आवृत्ती पोहोचली होती. त्यांपैकी निवडक तंत्रकंपन्यांच्या संगणकांतच पुढचा घाव घालण्यात आला, यावरून हल्ल्याचा रोख स्पष्ट होतो. अधिकृत स्थळावरून घेतलेली, अधिकृत स्वाक्षरी असलेली आज्ञावलीही निर्धोक असतेच असे नाही, हा धडा या व्यवसायास तेव्हा मिळाला.

याहून नित्याचा प्रकार म्हणजे खोट्या निदानाचा. अमेरिकेत ऑफिस डेपो या विक्रेत्याच्या दुकानांत संगणकाची विनामूल्य तपासणी करून दिली जात असे. ग्राहकाने संगणक हळू चालणे, मध्येच बंद पडणे अशा चार लक्षणांपैकी एकही असल्याचे सांगितले, की घातक आज्ञावलीची चिन्हे आढळल्याचा निष्कर्ष निघत असे. प्रत्यक्ष तपासणीशी त्याचा संबंध नव्हता. तेथील संघीय व्यापार आयोगाच्या कारवाईनंतर २०१९ मध्ये ऑफिस डेपोने २.५ कोटी व तिला ही आज्ञावली पुरविणाऱ्या कंपनीने १ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटविले. २०२४ मध्ये रेस्टोरो व रीइमेज या सायप्रसमधील कंपन्यांनी अशाच स्वरूपाच्या आरोपांवरून २.६ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. पडद्यावर अचानक उगवणारी ‘आपल्या संगणकात ५४७ दोष आहेत’ अशा थाटाची सूचना ही जाहिरात समजावी, निदान समजू नये. तीत दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधून अनोळखी व्यक्तीस संगणकाचा दूरस्थ ताबा देणे म्हणजे घराच्या किल्ल्या चोराच्या हाती सोपविणे होय.

मावळ व लोणावळा परिसरातील विशेष परिस्थिती : संगणक मंद होण्याची किंवा बिघडण्याची सर्व कारणे आज्ञावलीच्या आवाक्यातील नसतात, हे घाटमाथ्याच्या प्रदेशात विशेषत्वाने जाणवते. सु. ६२० मी. उंचीवरील लोणावळ्यास पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारणपणे चार हजार मिमी. किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो; पूर्वेस वडगाव, तळेगाव दाभाडे या बाजूस त्याचे प्रमाण झपाट्याने घटत जाते. पवन मावळ, नाणे मावळ व अंदर मावळ या खोऱ्यांच्या पश्चिम टोकांची स्थितीही लोणावळ्यासारखीच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये येथील हवेची सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस ९० टक्क्यांच्या आसपास राहते. बहुतेक संगणक-उत्पादक ८० ते ९० टक्क्यांची कमाल मर्यादा सांगतात व तीही यंत्रावर दव साचणार नाही या अटीवर. ओलाव्याने संधानांच्या धातूवर गंज चढतो, रॅमच्या पट्टीच्या संपर्कबिंदूंवर मळकट थर येतो आणि पंख्याच्या पात्यांवरील धूळ भिजून तिचा लेप बनतो. पंखा नीट फिरेनासा झाला की प्रक्रियक तापतो व स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करतो. सुरुवातीस ठीक चालणारा संगणक दहा-पंधरा मिनिटांनी मंदावत असेल, तर कारण बहुधा हेच असते. अशा वेळी लागते ती सफाई कुंचल्याची. वीजपुरवठा काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून, मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी. पावसाळ्यात संगणक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवण्याची पद्धत सर्रास आढळते. ती चुकीची आहे, कारण आत अडकलेला दमटपणा बाहेर पडू शकत नाही. त्यापेक्षा रोज तास-दोन तास संगणक चालू ठेवणे हितकर. त्याच्या स्वतःच्या उष्णतेनेच तो कोरडा राहतो.

लोणावळा-खंडाळ्यातील अनेक बंगले वर्षातून मोजकेच दिवस उघडले जातात. तेथील संगणकांचे दुखणे स्वतंत्र आहे. चार-सहा महिने बंद राहिलेला संगणक सुरू करताच परिचालन प्रणाली साचलेली सर्व अद्ययावतीकरणे उतरवू लागते, विषाणू-प्रतिबंधक आज्ञावली संपूर्ण तपासणी हाती घेते आणि फाइलींची सूची नव्याने तयार होऊ लागते. पहिले दोन-तीन तास संगणक अतिशय मंद वाटतो आणि शनिवारी संध्याकाळी आलेला मालक रविवारी सकाळी सफाई आज्ञावली विकत घेतो. वस्तुतः संगणक तेवढा वेळ तसाच चालू ठेवणे एवढाच उपाय पुरेसा असतो. मुख्य मंडलावरील सीआर २०३२ या नाण्याएवढ्या विद्युत् घटाची शक्ती संपली असेल, तर घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. मग प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत व महाजालावरील बहुतेक स्थळे ‘असुरक्षित’ असल्याची सूचना येते. ही विषाणूबाधा समजली जाते, पण नवा घट बसवून तारीख दुरुस्त केली की ती दूर होते. दीर्घकाळ बंद राहिलेल्या दमट खोलीतील संगणक आल्या आल्या सुरू करू नये. खिडक्या उघडून खोली कोरडी होईपर्यंत काही तास थांबावे.

लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांच्या पाण्यावर खोपोलीस निर्माण झालेली वीज १९१५ पासून मुंबईस मिळू लागली. त्याच डोंगररांगांतील वाड्यावस्त्यांवर पावसाळी वाऱ्यात झाड पडून तार तुटली, की अंधार होतो, हा विरोधाभास येथील रहिवाशांच्या परिचयाचा आहे. फाइल लिहिली जात असताना वीज गेल्यास विंडोजची एनटीएफएस ही फाइल-पद्धती आपली रचना स्वतःच्या रोजनाम्यावरून सावरून घेते. त्या फाइलीतील मजकुराची हमी मात्र ती देत नाही. वारंवार असे होत असेल, तर अखंड वीजपुरवठा करणारे उपकरण हीच त्यावरील तजवीज. एप्रिल-मेमधील वळवाच्या व ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात विजा अधिक पडतात. त्या वेळी वीजजोडणीबरोबर महाजालाची तारही काढून ठेवावी, कारण तिच्यावाटे आलेला विद्युत्-दाबाचा झटकाही संगणक निकामी करू शकतो.

कार्यवाही : सफाईपूर्वी महत्त्वाच्या फाइलींची राखीव प्रत बाह्य साधनावर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. न तपासलेली प्रत असून नसल्यासारखी असते. नंतर प्रणालीबरोबर मिळणारी सोय वापरून तात्पुरत्या फाइली व अद्ययावतीकरणाचे अवशेष काढावेत. यादीतील प्रत्येक नाव वाचल्याशिवाय खूण करू नये. न्याहाळकाचा साठा पुसताना त्याबरोबर परवलीचे शब्द पुसले जात नाहीत ना, हे पाहावे. रजिस्ट्रीस हात लावू नये. वर्षातून दोन-तीन वेळा एवढे केले तरी घरगुती संगणकास पुरते. एवढे करूनही संगणक मंदच असेल, तर साठवण-माध्यमाची प्रकृती तपासून घ्यावी. झिजत आलेली तबकडी प्रथम मंदपणानेच आपली अवस्था कळविते व अशा तबकडीवर सफाई, तुकडे जुळविणे इ. क्रिया करणे म्हणजे तिचा शेवट जवळ आणणे होय. दुरुस्तीच्या दुकानात अशा प्रसंगी ‘फॉरमॅट मारून देतो’ असे सहजपणे सांगितले जाते. त्यास संमती देण्यापूर्वी आपल्या फाइली, टंक व परवाना-क्रमांक कोठे आहेत याची खात्री करून घेणे ग्राहकाकडे लागते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या प्रणालीवरील संगणक कितीही स्वच्छ ठेवला, तरी सुरक्षाविषयक दुरुस्त्या नियमितपणे मिळत नसल्यास तो महाजालाशी जोडणे जोखमीचे आहे.

संगणक विकताना किंवा भंगारात देताना सफाईचा उद्देश उलटा होतो. तेव्हा काहीही मागे राहू नये अशी अपेक्षा असते. नुसते पुसणे किंवा शीघ्र फॉरमॅट करणे त्यास पुरत नाही. चुंबकीय तबकडीवर सर्वत्र नवे लेखन करावे लागते. एसएसडीमध्ये लेखनाची जागा तिचा नियंत्रक ठरवीत असल्यामुळे असे वरून लिहिणे भरवशाचे नसते. म्हणून उत्पादकाने पुरविलेली संपूर्ण पुसण्याची आज्ञा वापरावी किंवा माहिती सुरुवातीपासूनच कूटबद्ध ठेवून अखेरीस तिची किल्ली नष्ट करावी. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले असून त्यांनुसार निकामी संगणक नोंदणीकृत पुनश्चक्रीकरण करणाऱ्याकडे जाणे अपेक्षित आहे. वजनावर भंगार घेणाऱ्याकडे दिलेल्या संगणकातील तबकडी शाबूत असेल, तर तिच्यावरील कागदपत्रेही त्याच्याबरोबर जातात.